भिडू पाहिजेत : बैठ्या खेळांच्या छोट्या मासिकांची साठ वर्षं

बुद्धिबळाला दोन माणसं पुरतात, पत्त्यांना चार. ‘डिप्लोमसी’ला सात लागतात, आणि तीही सगळा दिवस मोकळा असलेली. अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकन तरुणाने १९५४मध्ये हा खेळ रचला. पट म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीचा युरोपचा नकाशा. खेळाडू म्हणजे सात सत्ता. फासे नाहीत, नशिबाला वाव नाही. करार करायचे आणि वेळ येताच मोडायचे. मोठ्या कंपन्यांनी खेळ नाकारला, तेव्हा १९५९मध्ये त्याने पदरमोड करून पाचशे संच काढले. ते खपले. घेणाऱ्यांची खरी पंचाईत त्यानंतर झाली : सात जण आणायचे कुठून?

१९६३मध्ये जॉन बोर्डमन या ब्रुकलिनच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावर तोड काढली. त्याने ‘ग्राउस्टार्क’ नावाचं पत्रक सुरू केलं. खेळाडूंनी ठरलेल्या तारखेच्या आत आपापल्या फौजांचे हुकूम लिहून त्याच्याकडे टपालाने धाडायचे. डिप्लोमसीत सगळ्यांच्या चाली एकदमच उघडतात, म्हणून टपालाचा उशीर आड येत नाही. बोर्डमन पाकिटं फोडायचा, कोण सरकलं, कोणाची चाल अडली, कोण हुसकावला गेला याचा निवाडा करायचा, आणि तो टाइप करून सगळ्यांना पाठवायचा. मधल्या दिवसांत खेळाडू एकमेकांना गुप्त पत्रं लिहीत, कैसर किंवा झारच्या नावाने खोटी जाहीर निवेदनं छापायला देत. एकेक डाव वर्ष वर्ष चाले. पुढे अशी पत्रकं इतकी झाली, की चालू डावांची नोंद ठेवण्यासाठी प्रत्येक डावाला क्रमांक देण्याची पद्धत पडली. तिला बोर्डमनचंच नाव मिळालं. खुद्द कॅलहॅमर नंतर इलिनॉयमध्ये पोस्टमनची नोकरी करत होता.

‘ग्राउस्टार्क’ ज्ञान वाटायला निघालं नव्हतं, भिडू जमवायला निघालं होतं. त्यानंतरच्या साठ वर्षांत बैठ्या खेळांची छोटी नियतकालिकं अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत निघाली, वाढली, बुडाली. त्यांचा हिशोब मांडला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. भिडू जमवणं ज्यांना साधलं, त्यांच्याभोवती धंदा उभा राहिला. आणि धंदा उभा राहिला की बहुतेक वेळा त्याने मासिकाला आपल्या पोटात घेतलं.

एक डॉलर आणि आजीव वर्गणी

बाल्टिमोरची ‘अ‍ॅव्हलॉन हिल’ ही युद्धखेळ छापणारी कंपनी. तिने १९६४मध्ये ‘द जनरल’ सुरू केलं. ते पहिल्या दिवसापासून कंपनीचं मुखपत्रच होतं आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. पण त्यातलं सर्वांत मोलाचं पान कंपनीने लिहिलेलं नव्हतं. ‘प्रतिस्पर्धी पाहिजेत’ अशा सदराखाली वाचकांच्या छोट्या जाहिराती येत : गाव, पत्ता, कोणते खेळ येतात, टपालाने खेळणार की समोरासमोर. ज्याच्या गावात युद्धखेळ खेळणारा दुसरा कोणी नव्हता, त्याला ते पान म्हणजे मोठाच आधार होता. या पानावर हाक देणाऱ्यांत गॅरी गायगॅक्स हाही होता. १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या दोघांपैकी हा एक.

मुखपत्राबाहेरचा सूर हवा असलेल्यांसाठी जानेवारी १९६७मध्ये ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ आलं. अमेरिकन हवाई दलातला ख्रिस वॅग्नर जपानमध्ये तैनात असताना त्याने ते चालू केलं. दोन-अडीच वर्षांत त्याची दमछाक झाली आणि त्याने १९६९मध्ये मासिक जेम्स डनिगन या युद्धखेळ रचणाऱ्याच्या हवाली केलं. किंमत : एक डॉलर. डनिगनने दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक अंकात एक नवा कोरा खेळ घातला, नकाशा आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्यांसकट. दोन, अंकाबरोबर प्रतिसादाचं कार्ड जोडलं. वाचकाने प्रत्येक लेखाला, प्रत्येक खेळाला आकड्यांत गुण द्यायचे, आणि पुढे कोणत्या लढाईवर खेळ काढायचा यावर मत द्यायचं. बाजारपेठेचा अंदाज घेणारे आजचे पंडित जे करतात, ते हा माणूस एका कार्डावर करून दाखवत होता. या मासिकाच्या जोरावर डनिगनची ‘एस.पी.आय.’ ही कंपनी सत्तरच्या दशकात युद्धखेळांतली अग्रगण्य संस्था झाली.

तिचा शेवट मात्र वर्गणीदारांच्या कायम लक्षात राहिला. १९८२मध्ये कर्जात बुडालेल्या एस.पी.आय.ने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वाल्या टी.एस.आर. कंपनीकडून ४,२५,००० डॉलर उसने घेतले. दोनेक आठवड्यांतच टी.एस.आर.ने पैसे परत मागितले आणि मालमत्ता ताब्यात घेतली. मासिक चालू ठेवलं, पण जुन्या वर्गण्यांचं देणं आपलं नाही असं जाहीर केलं. ज्यांनी आजीव वर्गणी भरली होती त्यांच्याही हाती काही लागलं नाही. सर्वांत निष्ठावंत वाचक एका फटक्यात दुरावले आणि खप घसरला. ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ पुढे दोनदा हात बदलून आजही निघतं. पण त्या काळचा दबदबा पुन्हा आला नाही.

घुबड, वीझल आणि सहा प्रती

लंडनची गोष्ट याहून रंगतदार आहे. इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक हे शाळासोबती शेफर्ड्‌स बुशमध्ये एका फ्लॅटवर राहत. १९७५मध्ये त्यांनी ‘गेम्स वर्कशॉप’ नावाचा उद्योग मांडला. पीक हाताने लाकडी पट बनवायचा. उरलेल्या दोघांनी फेब्रुवारीत ‘आउल अँड वीझल’ हे पत्रक काढलं आणि खेळांत रस असेल अशा ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवून दिलं. एक प्रत फिरत फिरत अमेरिकेत टी.एस.आर.च्या ब्रायन ब्लूमकडे पोचली. त्याने परतभेट म्हणून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा संच पाठवला. या दोघांनी सहा प्रतींची मागणी नोंदवली आणि तेवढ्या भांडवलावर तीन वर्षांसाठी अख्ख्या युरोपचे वितरणहक्क मिळवले!

पत्रकावरचा पत्ता पाहून लोक दुकान शोधत घरी येऊ लागले. घरमालक वैतागला, बिऱ्हाड गेलं. मग काही काळ दोघे एका व्हॅनमध्ये झोपत आणि एका इस्टेट एजंटच्या मागच्या खोलीतून धंदा चालवत. पंचवीस अंकांनंतर पत्रक बंद करून त्यांनी १९७७च्या जूनमध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ हे रीतसर द्वैमासिक आणलं. पहिल्या अंकाच्या चार हजार प्रती. सुरुवातीच्या वर्षांत त्यात कोणत्याही कंपनीच्या खेळाचं परीक्षण येई, वाचकांनी रचलेले राक्षस आणि भुयारं छापली जात. मग गेम्स वर्कशॉपचे स्वतःचे खेळ आणि धातूची चिमुकली सैन्यं खपू लागली. १९८६मध्ये संपादन नॉटिंगहॅमला हललं आणि दशक संपता संपता मासिकात दुसऱ्या कोणाच्या मालाला जागा उरली नाही. व्यापारी दृष्टीने निर्णय अचूक ठरला, कंपनी आज लंडनच्या शेअर बाजारात आहे आणि मासिकही चालू आहे. पण ‘हा खेळ घ्यावा का?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर तिथे मिळणं बंद झालं.

अमेरिकेत टी.एस.आर.चं ‘द ड्रॅगन’ १९७६पासून निघत होतं. ते मुळातच घरचं होतं. त्याच्या मागे कंपनी होती तोवर ते भरभराटीला आलं, आणि २००७च्या सप्टेंबरमध्ये मालकाने छापील आवृत्ती थांबवली, तेव्हा तीस वर्षांची वाचकांची माया उपयोगी पडली नाही.

मासिकाच्या पोटी जत्रा

जर्मनीत वेगळंच घडलं. ‘दी प्योपेल-रेव्यू’ या खेळांच्या मासिकाने १९८३मध्ये एसेन शहरातल्या प्रौढशिक्षणाच्या वास्तूत वाचकांचा मेळावा भरवला. या, बसा, खेळा, एवढाच कार्यक्रम. दोन वर्षांत जागा अपुरी पडू लागली आणि मेळावा प्रदर्शनाच्या दालनांत गेला. तोच आजचा ‘श्पील’ : दर ऑक्टोबरात चार दिवस चालणारी, जगातल्या सर्वांत मोठ्या खेळजत्रांपैकी एक. २०२३मध्ये तिथे १,९३,००० लोक आले. त्यांतल्या किती जणांना त्या मासिकाचं नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

जर्मन समीक्षकांनी आणखी एक शहाणपणा केला. खेळांवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी १९७८मध्ये एकत्र येऊन ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, हा पुरस्कार स्थापन केला. परीक्षकांत उत्पादक नाहीत, विक्रेते नाहीत. पुरस्काराचं लाल चिन्ह खोक्यावर छापायचं तर कंपनी शुल्क भरते, आणि त्यातून संस्था चालते. निवड आधी, पैसा नंतर. पहिला मान १९७९मध्ये इंग्रज लेखक डेव्हिड पार्लेट याच्या ‘ससा आणि कासव’ या शर्यतीच्या खेळाला मिळाला. पार्लेट हा १९७२मध्ये सुरू झालेल्या ‘गेम्स अँड पझल्स’ या ब्रिटिश मासिकाचा नेमाने लिहिणारा लेखक. ते मासिक १९८१मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी जर्मनीत ‘श्पीलबॉक्स’ निघालं, आणि ते आजही निघतं. अंकासोबत एखाद्या गाजलेल्या खेळाचे जादा तुकडे किंवा पत्ते देण्याची त्याची जुनी युक्ती अजून चालते. कारण ते तुकडे पडद्यावरून उतरवून घेता येत नाहीत.

न वाढलेली मासिकं

दीर्घायुषी ठरलं ते वाढायचं ज्याच्या मनातही नव्हतं असं एक मासिक. लॉस एंजलिसच्या ली गोल्ड यांनी जून १९७५मध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ सुरू केलं. त्यांनी लिहायचं थोडं, जमवायचं फार. प्रत्येक सहभागी आपापली पानं स्वतः लिहून पाठवी : आपल्या डावात काय घडलं, कोणता नियम फसला, आणि गेल्या अंकातल्या इतरांच्या पानांना उत्तरं. गोल्ड ती एकत्र करून, पिना मारून सगळ्यांना पाठवत. पहिली वर्षं काम सायक्लोस्टाइलवर चाले. आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांच्या काळात काही कवींनी हेच यंत्र हाताशी धरलं होतं. मालक नाही, जाहिरातदार नाही, सजावट नाही. ते मासिक महिन्यामागून महिना जवळजवळ पन्नास वर्षं निघालं आणि २०२५मध्ये संपादिकेने स्वतःहून थांबवलं. कोणी विकत घेतलं नाही, कोणी बुडवलं नाही.

ब्रिटनमध्ये ‘सूमो’ आणि त्याच्या मागून १९९८मध्ये आलेलं ‘काउंटर’ ही नियतकालिकं याच जातीची. बाजारात जर्मन खेळ येत, नियम जर्मनमध्ये असत. इंग्रजी वाचकाला त्यांतलं काय घेण्याजोगं आहे हे सांगायचं काम या मंडळींनी नोकऱ्या सांभाळून केलं. वर्गणीदार मोजके, पण शब्दाला वजन.

या वजनामागचा खर्च बाहेरच्याला दिसत नाही. पुस्तकाचं परीक्षण एकटा माणूस दिवाणावर पडून करू शकतो. चार जणांच्या, दोन तासांच्या खेळावर दोन पानं लिहायची तर तेच चौघे किंवा निराळे चौघे तीन-चार वेळा जमवावे लागतात. पहिला डाव नियम समजण्यात जातो. दुसऱ्यात जिंकायची वाट सापडते. तिसऱ्यात कळतं, की तीच एक वाट आहे आणि म्हणून खेळ फुसका आहे. तीन भिडूंना चांगला वाटलेला खेळ पाच जणांत रेंगाळतो. म्हणजे एका परीक्षणामागे पंचवीस-तीस मनुष्यतास, आणि मानधन बहुधा खेळाचा संच. तो संचही कंपनीनेच पाठवलेला, तिचीच जाहिरात शेजारच्या पानावर.

आज कागद का?

आता तर खेळ तयार होण्याआधीच विकला जातो. ‘फ्रॉस्टहेवन’ या खेळाने २०२०मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर जवळजवळ १ कोटी ३० लाख डॉलर जमवले, तेव्हा खोका छापून व्हायचा होता. अशा मोहिमांत नमुना संच दाखवणाऱ्या कित्येकांना प्रकाशकच पैसे देतात. वेगाच्या या शर्यतीत त्रैमासिकाने उतरण्यात अर्थ नाही. ते ओळखूनच २०२०मध्ये ब्रिटनमध्ये ‘सेनेट’ सुरू झालं. प्राचीन इजिप्तमधल्या पटाचं नाव घेतलेलं हे स्वतंत्र मासिक ताज्या बातमीमागे धावत नाही. चित्रकारांशी गप्पा, एखाद्या खेळप्रकाराचा इतिहास, खेळ रचणाऱ्याची विचारपद्धत, आणि जपून ठेवावंसं वाटेल असं मुखपृष्ठ. थोडक्यात, दिवाळी अंकाच्या वाचकाला सवयीचं असलेलं निवांत वाचन.

त्याचं अर्थकारण नाजूक असतं. प्रती कमी म्हणून छपाईचा दर चढा, दुकानदाराचं कमिशन, परदेशी वर्गणीदाराला अंकाच्या किमतीच्या आसपास टपालखर्च. असं मासिक जाहिरातीवर झुकलं तर परीक्षण लिंबूटिंबू होतं, आणि वर्गणीवर राहिलं तर संपादकाला दुसरी नोकरी करावी लागते. साठ वर्षांचा अनुभव दुसऱ्या वाटेच्या बाजूने कौल देतो.

पुण्या-मुंबईत आता बोर्ड गेमची कॅफे आहेत, घरोघरी ‘कॅटन’सारखे बैठे खेळ पोचू लागलेत, आणि सारीपाट, गंजिफा, वाघ-शेळी हा ऐवज आपल्याकडे आहेच. या विषयाचं छोटं मासिक मराठीत काढावंसं ज्यांना वाटत असेल, त्यांनी वरच्या मंडळींकडून चार गोष्टी उचलाव्यात. पहिलं पान वाचकांच्या गाठीभेटींसाठी ठेवावं. ज्या खेळाची जाहिरात घेतली त्याचं परीक्षण त्या अंकात छापू नये. तीन डाव झाल्याशिवाय मत देऊ नये. आणि आजीव वर्गणी घेऊ नये. वर्षाची घ्यावी, दर वर्षी नव्याने मागावी. वाचकांना सांगणं एवढंच : अंक आवडला तर उसना मागून वाचू नका, वर्गणी भरा.