वीकेंडला बंगला घेताय? आधी हे वाचा

पाऊस पडला की ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांचे मोबाइल एकच शोधतात : येऊर, बदलापूर, मुरबाड, शहापूरकडचा एखादा बंगला, दोन दिवसांसाठी. मीही त्यातलाच! म्हणून काही गोष्टी सांगतो.

🌿 येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यानाभोवतीचा पट्टा डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तिथे नवीन हॉटेल-रिसॉर्ट, प्रखर दिवे, गोंगाट यांवर बंधनं आहेत. कारण साधं आहे : रात्र बिबट्याची असते आणि पाड्यांवरची माणसं दिवसभर राबून झोपलेली असतात.

🔇 ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंगला खासगी असला तरी आवाज कुंपण ओळखत नाही.

🏡 शेतावर पाहुणे ठेवायचे असतील, तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण बघा. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

📋 मालकांनो, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि नोंद ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारी यंत्रणेला कळवावीच लागते.

✅ पाहुण्यांनो, बुकिंगआधी तीनच प्रश्न विचारा : नोंदणी आहे का? कचरा कुठे जातो? पाणी टँकरचं की विहिरीचं?

उत्तर देताना मालक अडखळला, तर दुसरं घर बघा.

#येऊर #कृषीपर्यटन #ठाणेजिल्हा