स्लो बसत नाही

नव्वदच्या दशकात परंदवडीत पाऊस लागला की माझ्याकडे पहिली तक्रार ठरलेली असायची : ‘सकाळी गाडी स्लोवर उभीच राहत नाही.’ रात्रभर पडणारा मावळातला पाऊस आणि अंगणात उघड्यावर उभी असलेली पद्मिनी. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडावी, तर आत ओल धरलेली. कोरड्या फडक्यानं पुसली की इंजिन शांत व्हायचं.

पण हात आधी जायचा तो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. अर्धा आटा आवळला की स्लो वाढतो, गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश. सुरुवातीला मीही तेच केलं, आणि त्याचं आजही वाईट वाटतं. शेजारच्या मारुती ८००चा स्लो मी तीनदा वाढवून दिला होता. चौथ्यांदा ती सोमाटणे फाट्यावर बंद पडली. तेव्हा कुठे चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर उपसून पाहिली. पहिली काढली, इंजिन दबलं. दुसरी काढली, दबलं. तिसरी काढली, तर आवाजात काडीचा फरक नाही. प्लग बदलला, तरी तेच. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं मॅनिफोल्डभोवती फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी बारीक सूंऽऽ ऐकू आलं. गॅस्केट हवा खेचत होतं.

२०००च्या सुमारास एमपीएफआय गाड्या आल्या. चोक गेला, ट्यूनिंगचा स्क्रू गेला. स्लो कॉम्प्युटर सांभाळू लागला आणि तक्रारी थ्रॉटल बॉडीतल्या काजळीच्या येऊ लागल्या. ती साफ केली की बऱ्याच गाड्या सुधारतात, म्हणून आता स्क्रूऐवजी आधी स्प्रे मारला जातो. मला ते पटत नाही. स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघावा. हवा कुठून तरी आत शिरत असेल, तर स्लोवर कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल देत असतो आणि अडीच हजार आरपीएमला तो आकडा खाली येतो. कानाला लावलेल्या नळीतून जे ऐकू यायचं, तेच इथं आकड्यात दिसतं.

भातकापणी झाली की उंदीर खाचरांतून घरांकडे सरकतात आणि बॉनेटखाली ऊब शोधतात. गेल्या दिवाळीनंतर आलेल्या गाडीचा स्लो सारखा वर-खाली होत होता. ट्रिम पंचवीसवर. मालकांना थ्रॉटल साफ करून हवं होतं. मी व्हॅक्यूमचा पाइप बोटांनी चाचपत मागं गेलो. खालच्या वळणावर, वरून न दिसणाऱ्या बाजूला, दातांच्या दोन खाचा लागल्या.