एकट्या ध्रुवाची खरखर

रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मधे राहिली की खरखर येते. तशीच खरखर एका स्फटिकातून येते. डिस्प्रोशिअम टायटनेटचा तुकडा निरपेक्ष शून्याच्या वर एक ते चार अंशांपर्यंत गार करायचा, त्याभोवती तारेचं वेटोळं घालून ते स्क्विड या अतिसंवेदनशील चुंबकमापकाला जोडायचं आणि संकेत वाढवून कानाला लावायचा. रितिका दुसाद, सीमस डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. त्यांच्या मते, ही एकेकट्या चुंबकी ध्रुवांची ये-जा आहे.

पण चुंबक कितीही तोडला तरी प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकं येतातच, असं आपण शाळेत शिकलो ना? ते अजूनही खरंच आहे. पॉल डिरॅक यांनी १९३१ साली मांडलेला एकध्रुवी मूलकण हाती लागलेला नाही. इथला ध्रुव म्हणजे कणासारखा वागणारा एक बिघाड.

या स्फटिकात डिस्प्रोशिअमचे अणू चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसतात. प्रत्येक अणू एक चिमुकला चुंबक, त्याचं तोंड एकतर आत, नाहीतर बाहेर. नियम असा की चारांपैकी दोन आत, दोन बाहेर. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनपाशी दोन हायड्रोजन जवळ आणि दोन दूर असतात, तसंच हे. म्हणून नाव ‘स्पिन आइस’. लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये बर्फासाठी केलेलं गणित १९९९ मध्ये या स्फटिकालाही लागू पडलं. त्या शोधनिबंधात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राहुल सिद्धार्थन आणि श्रीराम शास्त्री होते.

आता एक चुंबक उलटला, तर शेजारच्या दोन घरांचा, म्हणजे चतुष्फलकांचा, हिशेब चुकतो: एकात तीन आत, दुसऱ्यात तीन बाहेर. पुढचा चुंबक उलटला की चूक पुढच्या घरात सरकते आणि मागचं घर पुन्हा नियमात बसतं. अशा दोन चुका, म्हणजेच आपले एकटे ध्रुव, एकमेकींपासून दूर जाऊ शकतात. कॅस्टेलनोव्हो, मोएस्नर आणि शिवाजी सोंधी यांनी २००८ मध्ये दाखवलं, की त्या विद्युतभारांसारख्या एकमेकींना ओढतात. त्यांचा चुंबकी भार डिरॅक यांच्या भाराच्या जेमतेम आठ हजाराव्या हिश्श्याइतका.

२००९ मध्ये न्यूट्रॉनच्या प्रयोगांतून खुणा मिळाल्या. त्याच वर्षी स्टीव्हन ब्रॅमवेल यांच्या गटाने म्युऑन नावाचे मूलकण वापरून हा भार मोजल्याचं जाहीर केलं आणि वाद पेटला. ग्रॅम ल्यूक ज्यात होते त्या गटाला म्युऑनच्या मापनात एकध्रुवाची खूण दिसेना. स्टीफन ब्लंडेल यांनी तर म्हटलं, ब्रॅमवेल यांच्या गटाला मिळालेला संकेत स्फटिकाबाहेर थांबलेल्या म्युऑनचा आहे.

२०१९ च्या त्या खरखरीच्या निबंधावर ल्यूक आणि ब्लंडेल या दोघांचीही नावं आहेत! मला हा तपशील आतल्या आलेखांइतकाच बोलका वाटतो. म्युऑनवरची शंका आणि एकध्रुवावरची शंका या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

तरी खरखरीचा ‘रंग’, म्हणजे वाढत्या कंपनसंख्येबरोबर ती विरत जाण्याची रीत, साध्या गणिताशी जुळत नव्हता. २०२२ मध्ये योनाथन हालेन आणि सहकाऱ्यांनी कारण सुचवलं: शेजाऱ्यांच्या चुंबकी क्षेत्रामुळे काही चुंबक झटकन उलटतात, काही फार सावकाश. म्हणून ध्रुवाला चहूकडे मोकाट फिरता येत नाही. फ्रॅक्टलसारख्या विरळ, फाटे फुटलेल्या वाटांवर तो पुढे-मागे करत राहतो, आणि यातल्या कित्येक वाटा पुढे बंद असतात.