गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सरकारी तपासणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

“दहा कोटी बायकांची तपासणी झाली, म्हणजे काम झालं.”

आकडा सरकारनेच दिलेला आहे. तिशीपुढच्या सुमारे २५ कोटी स्त्रियांपैकी १० कोटींहून अधिक जणींची तपासणी झाल्याचे केंद्राने २०२५ मध्ये सांगितले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची अशी तपासणी कधीतरी झाली होती. त्यामुळे ही झेप मोठी वाटणारच. पण ही नोंद तपासणीची आहे, उपचाराची नाही. जीव वाचतो तो दोष सापडल्यावर तेवढा भाग वेळेत जाळून किंवा गोठवून काढला तर. उपकेंद्रातून चिठ्ठी मिळते, मग तालुका, मग जिल्हा रुग्णालय. दर खेपेला दिवसाची मजुरी बुडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाई घरीच थांबते. चिठ्ठी मिळालेल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले, हा आकडा तपासण्यांच्या आकड्याइतकाच ठळकपणे मांडला गेला पाहिजे.

“त्रास नाही, मग तपासणी कशाला?”

अंगावरून लाल जाऊ लागते तोवर रोग बहुधा पुढे गेलेला असतो. त्याआधी पेशींत होणाऱ्या बदलांचा कर्करोग व्हायला बहुतेकदा दहाएक वर्षे लागतात आणि या काळात काहीच जाणवत नाही. तपासणी आहे ती याच काळासाठी.

“व्हिनेगरची तपासणी म्हणजे गरिबांची बोळवण.”

असे वाटते, कारण ना यंत्र दिसते ना प्रयोगशाळा. गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचे. २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी हीच पद्धत आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ती दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत करून घेतली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मात्र उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, एकाच फेरीनंतर मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. म्हणजे पद्धत टाकाऊ नाही, पण ती सरावलेले हात मागते आणि पुन्हा पुन्हा करावी लागते. गावोगावच्या केंद्रांत नेमके हेच टिकवणे जड जाते.

“एचपीव्ही चाचणी श्रीमंत देशांसाठी, आपल्या खेड्यांत ती चालायची नाही.”

एचपीव्ही या विषाणूमुळे हा कर्करोग होतो आणि ही चाचणी तोच विषाणू शोधते. ती महाग आहे, प्रयोगशाळा लागते, म्हणून हा समज रुजला. पण या चाचणीच्या बाजूचा जगातला एक भक्कम पुरावा मराठवाड्यातच तयार झाला. १९९९ पासून उस्मानाबादच्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना चार गटांत विभागून हा अभ्यास झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात होते. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेवर असलेल्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे होते. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच चाचणीला पहिली पसंती दिली. हिचा नमुना बाई स्वतः, आडोशाला जाऊन घेऊ शकते. तपासणीच्या टेबलावर जायला लाजणाऱ्या असंख्य जणींसाठी ही फार मोठी सोय आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात पुढची सुधारणा व्हायला हवी ती इथे. उस्मानाबादच्या बायकांनी दिलेला पुरावा त्यांच्या लेकीसुनांच्या कामी यायला इतका उशीर व्हायला नको होता.

“एचपीव्ही निघाला म्हणजे कॅन्सर झाला, आणि घरात कुणीतरी पाऊल वाकडं टाकलं.”

या भीतीने बायका निकाल घ्यायलाही येत नाहीत. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून संशय येतो. पण तो शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे चाचणी सांगूच शकत नाही. बहुतेक लागण एक-दोन वर्षांत आपोआप जाते. निकालाचा अर्थ एवढाच, की या बाईची पुढची तपासणी चुकता कामा नये. निकाल हातात देताना आशाताईने हे चारचौघांत नव्हे, तिला बाजूला घेऊन सांगायला हवे.