पाय आटतो

गावाकडच्या घरांत मी कृत्रिम पाय पाहिले ते बहुतेक दारामागे उभे करून ठेवलेले. शिबिरात फुकट मिळालेले, थोडे दिवस वापरलेले. "सवय झाली नाही," असं घरातली माणसं सांगायची. मला ते पटत नव्हतं. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात जयपूर फूटचं शिबिर भरलं, तेव्हा सत्काराचं व्यासपीठ सोडून मी मागच्या शेडमध्ये जाऊन बसले.

तिथे ओल्या प्लॅस्टरचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास कोंडला होता. कारागीर पन्नाशीचा, सोलापूरकडचा. त्याचाही डावा पाय गुडघ्याखाली बनवलेला. समोरच्या बाईंचं माप घेण्याआधी त्याने विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"भांगलायला जाते. उकिडवं बसाय आलं पाहिजे बघा."

हा पाय घडला तोच अशा बसण्यासाठी. १९६८ च्या सुमारास जयपुरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो तयार केला. त्याआधीचे परदेशी घडणीचे पाय बुटात घालायचे. त्यांवर मांडी घालणं, उकिडवं बसणं, अनवाणी चिखलात उतरणं जमत नसे. रबर आणि लाकडाचं हे पाऊल घोट्यापाशी सगळीकडे वळतं.

मोजा चढवून हाडांच्या जागा पेन्सिलीने खुणावल्या, प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, त्यातून साचा काढला. मग कारागिराने कानस हातात घेतली, आणि त्यानंतर मला दुसरीकडे बघवेना. गुडघ्याच्या वाटीखालची जागा भार सोसते, तिथलं प्लॅस्टर तो घासून कमी करत होता. नडगीचं टोक आणि बाहेरच्या बाजूचं हाड भार सोसत नाही, तिथे तो भर घालत होता. डोळे मिटून अंगठा फिरवायचा, पुन्हा कानस. शेवटी भट्टीत मऊ झालेला एचडीपीई पाइप, शेतात पाण्यासाठी वापरतात त्या जातीचा, साच्यावर ओढला. सॉकेट तयार.

"उद्या चालत जातील," तो म्हणाला. "पण पाय नवीन गेलाय. सहा महिन्यांत आटतो."

पाय आटतो म्हणजे उरलेल्या भागाची सूज उतरते, वापर नसलेले स्नायू बारीक होतात आणि सॉकेट सैल पडतं. माणूस आत आणखी एक मोजा घालतो, मग दुसरा. पाय आत हलतो, कातडी घासते, फोड येतो. मधुमेहाने पाय गेलेला असेल तर ती जखम लवकर भरत नाही. मग पाय दारामागे जातो. कारागीर स्वतः सहावं सॉकेट वापरतोय, कारण भट्टी आणि कानस त्याच्या हाताशी आहे. बाहेर व्यासपीठावर किती पाय वाटले ते माइकवरून सांगत होते. सहा महिन्यांनी त्यातले किती वापरात असतील, हा आकडा मला हवा होता.

बाईंच्या मागे कॉलेजची एक मुलगी बसली होती, अपघातात पाय गेलेली. रोज एसटीने जाते. तिकिटात सवलत मिळते, पण उंच पायरीवर दांडी धरून तिला स्वतःला ओढून घ्यावं लागतं. तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत, हे तिला तोंडपाठ होतं. जखम झाली की पंधरा-पंधरा दिवस वर्ग बुडतो, हेही तिनेच सांगितलं. तिचा हा दुसरा पाय. पहिलाही शिबिरातलाच.

शिबिरं नकोत असं मी म्हणणार नाही; त्या मावशींना दुसरीकडे कुणी पाय दिला नसता. पण फलक, हार आणि जेवणावळीच्या खर्चात तालुक्याला एक छोटी भट्टी आणि एक शिकलेला माणूस बसवता येत असेल, तर आधी तेच व्हायला हवं. गाडीचं पंक्चर काढणारा प्रत्येक फाट्यावर सापडतो. सॉकेट दुरुस्त करायला मात्र या मुलीने शंभर किलोमीटर जायचं.

संध्याकाळी मावशी नवा पाय लावून धरून-धरून चालल्या, मग भिंतीला टेकून उकिडव्या बसल्या. "सैल झाल्यावर दिवाळीत येते," त्या म्हणाल्या.

"दिवाळीत आम्ही इथं नसतो, मावशी." कारागिराने सॉकेटच्या आत मार्करने आपला फोन नंबर लिहिला. मग त्यांच्या मुलाला जवळ बसवून पट्टा कसा बदलायचा आणि लाल डाग कुठे दिसला की पाय काढून ठेवायचा, ते दाखवायला लागला. मुलगा नीट लक्ष देत होता. तेवढ्यात बाहेरून कारागिराला फोटोसाठी बोलावणं आलं. तो गेला नाही.