निळा झेंडा, सुसाट गाडी आणि पाचवे शील

१४ एप्रिलची मोटारसायकल रॅली आपल्याकडे गावोगाव निघते. एका गाडीवर तिघे, फाटक्या सायलेन्सरचा आवाज, हातात निळा झेंडा आणि हेल्मेट क्वचितच कुणाच्या डोक्यावर. एरवी नीट गाडी चालवणारा पोरगा त्या दिवशी सुसाट का सुटतो?

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना पडद्यावर गाडी चालवायला दिली. एकटे असताना तिघांच्या वागण्यात फारसा फरक नव्हता. मित्र बघत असताना मात्र किशोरांनी जवळपास दुप्पट धोका पत्करला. प्रौढांवर परिणाम दिसला नाही. म्हणजे पोराला धोका कळत नाही असं नाही. मित्रांची वाहवा त्या वयात मेंदूला फार गोड लागते आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. 'वेग आवरा'च्या फलकाने म्हणूनच फार काही होत नाही.

दुसरी गोष्ट, बहुतेकांना आपण इतरांपेक्षा चांगले चालक वाटतो. काल वाचलो, म्हणजे हात बसलाय!

आता हे सिरोंच्याला लावून बघा. आलापल्लीपासूनचा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता जंगलातून येतो. खड्ड्यांत वेळ जातो, मग चांगला पट्टा लागला की तो भरून काढायला मूठ आपोआप पिळली जाते. रात्री डांबरावर गुरं बसलेली असतात. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरहून दूर. डोक्याला मार लागलेल्याकडे तेवढा वेळ नसतो. खराब रस्त्याचा जाब शासनाला विचारायलाच हवा, पण हेल्मेटसाठी निवेदन द्यावं लागत नाही.

दारूचंही बोलू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, नदीपलीकडे तेलंगणात नाही, आणि आता मध्ये पूल आहे. पलीकडे जाऊन प्यायलेल्याला गाडी चालवतच परतावं लागतं. पाचवं शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. त्यात मद्याला नकार आहे तो ते प्रमादाचं, म्हणजे बेसावधपणाचं, कारण ठरतं म्हणून. न पिता केलेली स्टंटबाजीही आम्हाला त्याच घरातली वाटते.

मित्रांच्या नजरेने वेग वाढतो, तर तीच नजर तो कमीही करू शकते. समता सैनिक दलाचं संचलन शिस्तीत चालतं, त्याने दबदबा कमी झाल्याचं कुणी म्हटलेलं नाही. रॅलीची पहिली गाडी हेल्मेट घातलेल्या, सगळ्यांना मान्य असलेल्या कार्यकर्त्याकडे द्या. तिच्या पुढे कुणी जायचं नाही. तिसरा बसला तर त्याला तिथेच उतरवा. अठरा वर्षांखालच्याच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, हे विहारातल्या बैठकीत आईबापांसमोर सांगा. ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला दुचाकीवरून निघणाऱ्यांनी रात्रीचा प्रवास टाळावा. शक्य असेल तर वर्गणी काढून एक गाडी ठरवावी, म्हणजे म्हातारी माणसंही सोबत येतील.