स्पेक्ट्रमवर व्हिडिओ : एका फ्रेमचा हिशेब

- यंत्र : झेडएक्स स्पेक्ट्रम. सिंक्लेअर रिसर्च, ब्रिटन, १९८२. झेड८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ.
- चित्र : २५६ × १९२ ठिपके, एकूण १५ रंग. पण ८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग, तेही एकाच उजळपणाचे. खरी अडचण इथेच.
- फ्रेम : ठिपक्यांचे ६,१४४ आणि रंगांचे ७६८, मिळून ६,९१२ बाइट. ४८ के मेमरीत जेमतेम सात फ्रेम मावतात.
- रूपांतर : आधुनिक संगणकावर. प्रत्येक चौकोनासाठी रंगांची जोडी निवडायची. मधल्या छटा ठिपक्यांच्या दाट-विरळ पेरणीने भासवायच्या.
- साठवण : कॅसेटवरून एक चित्र चढायला सुमारे ४० सेकंद. त्यामुळे आता मेमरी कार्ड जोडणारा इंटरफेस.
- प्लेबॅक : कार्डावरचा एक बाइट मेमरीत आणणाऱ्या ‘आयएनआय’ आदेशाला किमान १६ क्लॉक लागतात, म्हणजे अख्ख्या फ्रेमला १,१०,५९२. पडदा सेकंदाला सुमारे ५० वेळा उमटतो. दोन वेळा उमटेपर्यंत हाताशी १,३९,७७६ क्लॉक. त्यातही पडदा रंगवणारी चिप प्रोसेसरला अधूनमधून थांबवते. सेकंदाला २५ फ्रेम या काठावरच्या हिशेबातून निघतात.
- आवाज : मूळ यंत्रात एक-बिटी बीपर. उरलेल्या क्लॉकमध्ये त्यालाही जागा द्यावी लागते.